डाव्या कोपऱ्याचा कॅमेरा

खेळाचं शूटिंग करायचंय म्हटलं की कॅमेऱ्याच्या दुकानातला माणूस आधी झूम सांगतो. वीसपट, तीसपट, पन्नासपट. फोर्टातल्या बोरा बाजारात मी ज्या ज्या काउंटरसमोर उभी राहिले तिथे हेच ऐकलं. त्यात त्या माणसाचं काही चुकत नाही. खेळ म्हटला की त्याच्या डोळ्यांपुढे क्रिकेट येतं, आणि क्रिकेटचं मैदान एवढं पसरलेलं असतं की सीमारेषेबाहेरून झूमशिवाय फलंदाज कोण आहे हेही कळायचं नाही. धावण्याच्या शर्यतींचंही तेच.

मला कबड्डी टिपायची होती. त्यातही मुलींची कबड्डी, लोअर परळच्या दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत, रात्री दिव्यांखाली. इथे खेळाडू लांब नसतात. इतके जवळ असतात की तीच अडचण होते. प्रेक्षकांची पहिली रांग दोरीला गुडघे लावून बसलेली असते आणि चढाई करणारी मुलगी कधी कधी तोल जाऊन थेट तिच्या मांडीवर येते. अशा ठिकाणी पन्नासपट झूमचं करायचं काय?

मी कॉलेजात असताना डाव्या कोपऱ्यात खेळायचे. तेव्हा मंडळाच्या सामन्यांना फोटोग्राफर यायचा तो बक्षीस समारंभाच्या वेळी. त्या अल्बममध्ये पाहुणे आहेत, हार आहेत, नारळ आहेत, ढाल उंचावणारी कर्णधार आहे. खेळ एकाही फोटोत नाही. पुढे लग्नाचं शूटिंग करणारे खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा घेऊन अंतिम सामन्याला येऊ लागले, तेव्हा खेळ टेपवर उतरायला लागला, पण लग्नघरातल्या सवयीनेच. जिकडे गडबड तिकडे कॅमेरा. चढाई करणारी चौकटभर, पकड झाली की हातापायांचा नुसता ढीग, आणि लगेच टाळ्या वाजवणारे प्रेक्षक. तो ढीग कसा झाला, आधी पाऊल कुणी टाकलं, कुणाच्या सरकण्यामुळे ती मुलगी कोपऱ्याकडे वळली, हे त्या टेपांमध्ये शोधून सापडत नाही.

मंडळाने कॅमेरा घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा मुलींचे सर मला म्हणाले, “ताई, चढाई करणारी सगळ्यांनाच दिसते. ती आत आल्यावर बाकीच्या काय करतात, ते मला दाखवता येईल का? गुण तिला किंवा पकडणारीला मिळतो. मला गुण न मिळालेल्या मुली बघायच्यात.”

कॅमेरा निवडण्याचं काम मी पुढे जे काही केलं ते या एका वाक्यावरून केलं. कबड्डी बाहेरून बघणाऱ्याला एकीविरुद्ध सात जणींचा खेळ वाटते. बचावात उभं राहिलेल्या मुलीला ती तशी वाटत नाही. डाव्या कोपऱ्यातली आणि तिच्या शेजारची एकमेकींचा हात धरून असतात. चढाई करणारी उजवीकडे झुकली की डावा कोपरा अर्धं पाऊल पुढे येतो, मध्यरक्षक तिच्या परतीच्या वाटेवर सरकते, आणि उजवा कोपरा मुद्दाम मागे राहून तिला आणखी आत येऊ देतो. घोट्यात हात पडतो तो या सगळ्यानंतर. म्हणजे पकड ही सात जणींच्या पावलांची गोष्ट असते आणि गुणपत्रकावर मात्र एकीचं नाव लागतं. जो कॅमेरा सातही जणींना एकाच वेळी, सबंध ३० सेकंदांच्या चढाईत, चौकटीत धरून ठेवील तोच आमच्या कामाचा. बाकी कितीही चांगला असो.

याचं गणित सोपं आहे, आणि दुकानात जाण्याआधी ते कागदावर मांडावं असं मी प्रत्येक मंडळाला सांगेन. मुलींचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं, पुरुषांचं १३ बाय १०. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात लेन्सचं माप ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात दिलेलं असतं; दोन आकडे असतात, एक लहान, एक मोठा. दुकानदार मोठा दाखवतो. आपण लहान बघायचा. तो २७ च्या आसपास असेल तर १२ मीटरची लांबी चौकटीत मावायला जवळच्या बाजूरेषेपासून ९ मीटर मागे यावं लागतं. तो ४० असेल, आणि जुन्या हँडीकॅममध्ये तो बहुधा चाळीस किंवा त्याहून मोठाच असायचा, तर १३ मीटरच्याही मागे. या दोन आकड्यांमध्ये चार मीटरचा फरक आहे आणि आमच्याकडे त्या चार मीटरांत समोरच्या चाळीची भिंत येते. भिंतीत शिरून शूटिंग करता येत नाही. त्यामुळे झूम दहापट असो की तीसपट, लहान आकडा २७ च्या वर गेला की तो कॅमेरा आमच्या यादीतून बाद होत गेला. हळूहळू यादी फार लहान झाली.

चाळीचा एक मोठा आधार मात्र आहे. पहिल्या मजल्याची गॅलरी. मैदानाच्या मध्यरेषेसमोर, बरोबर हव्या त्या उंचीवर. कॅमेरा उंच असण्याचं महत्त्व मला एका वेगळ्याच ठिकाणी उमगलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर लेनी रीफेनश्टालने ‘ओलिंपिया’ हा चित्रपट केला. उड्या मारणारे खेळाडू आभाळावर उमटावेत म्हणून तिने मैदानात खड्डे खणून घेतले आणि कॅमेरे खाली उतरवले. त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू गेला होता आणि कबड्डीचं प्रात्यक्षिक त्याने तिथे दाखवलं, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि सांगितली जावी अशीच आहे. पण खालून बघितलं की खेळाडू मोठा दिसतो, एकटा दिसतो, अजिंक्य दिसतो. नाझी राजवटीला नेमकं तेच हवं होतं. वरून बघितलं की खेळाडू लहान होतो. मात्र तिचे पाय दिसतात, रेषा दिसतात, आणि दोघींमधलं अंतर दिसतं. गौरवासाठी कॅमेरा खाली लागतो आणि शिकण्यासाठी वर. आमच्या सरांना शिकवायचं होतं.

वरून, सबंध मैदान, न हलणारी चौकट. या निर्णयाचा आणखी एक फायदा मी आधी मनातल्या मनात ठेवला होता, तो मुलींच्या आयांनी उघड बोलून दाखवला. मुलींचे सामने सुरू झाले की दोरीच्या कडेला मोबाइल वर येतात. त्यातले काही कुठे रोखलेले असतात हे मुलींना कळतं, आम्हांलाही कळतं. पकडीच्या झटापटीत बनियन वर सरकतं, शॉर्ट्स ओढली जाते, आणि त्या क्षणी झूम करणारा माणूस कबड्डी बघत नसतो. एका मुलीच्या आईने मला जिन्यातच गाठलं. “ताई, तुम्ही काढताय ते बरंच आहे. पण ते जाणार कुठं?” या प्रश्नाला उत्तर न देता कॅमेरा घ्यायचा नाही असं आम्ही ठरवलं. रेकॉर्डिंग मंडळाच्या कपाटात राहील, सरांच्या शिकवण्याच्या वेळी लागेल, कुणाच्या फोनवर जाणार नाही, आणि मुलीने किंवा तिच्या घरच्यांनी एखादा तुकडा पुसायला सांगितला तर कारण न विचारता पुसला जाईल. सामना चालू असताना झूमच्या बटणाला हात लावायचा नाही हाही त्यातलाच नियम. सात जणींची चौकट ही शिकवण्याची चौकट आहे तशी ती सभ्यतेचीही आहे. एखाद्या मुलीच्या शरीराकडे बघायचं की तिच्या खेळाकडे, हे बऱ्याच अंशी त्या लहान आकड्याने ठरतं.

मग प्रश्न आला दिव्यांचा, आणि इथे मात्र मला बरंच शिकावं लागलं.

आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. त्यामुळे मैदानावरचे मेटल हॅलाइडचे दिवे, ट्यूबलाइटी आणि पुष्कळसे एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. मुंबईत, पुण्यात, सांगलीत, कुठल्याही मध्यमवर्गी घरात अमेरिकेतल्या दिराने किंवा भाच्याने आणलेला एखादा हँडीकॅम कपाटात सापडेल. तो मंडळाला फुकट मिळतो, म्हणून आधी तोच पुढे येतो. आमच्याकडेही आला. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, तिथला कॅमेरा सेकंदाला ६० च्या हिशेबाने चित्रं घेणारा. आपल्या दिव्यांखाली त्याच्या प्रत्येक चित्राच्या वाट्याला उजेड सारखा येत नाही, कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी, आणि सबंध सामना लुकलुकत राहतो. डोकं धरतं बघणाऱ्याचं. अशा कॅमेऱ्यात शटर हाताने लावायची सोय असेल तर ते १/१०० वर ठेवायचं. मग प्रत्येक चित्राला दिव्याचं एक पूर्ण उजळणं मिळतं आणि लुकलुक थांबते. ती सोय नसेल तर तो कॅमेरा दिवसाच्या खेळांना ठेवावा. भाच्याचं मन राखायचं म्हणून मुलींच्या डोळ्यांना त्रास देऊ नये.

शटरचा हा आकडा कबड्डीत फार नाजूक होऊन बसतो. चढाई करणारीचा हात लागला की नाही, यावर गुण असतो. हातात वेग किती असतो? समजा सेकंदाला ५ मीटर, आणि चांगल्या खेळाडूच्या झटक्यात तो याहून कमी नसावा. शटर १/५० वर असेल तर तेवढ्या वेळात हात १० सेंटिमीटर सरकतो. म्हणजे पडद्यावर बोटं दिसायच्या ठिकाणी वीतभर नाही तरी चांगला चार बोटं रुंद पुसट पट्टा दिसणार, आणि त्या पट्ट्यात स्पर्श झाला की नाही हे कुणी सांगू शकणार नाही. १/२०० वर ठेवलं तर हात अडीच सेंटिमीटरच सरकेल, बोटं स्पष्ट दिसतील. पण उजेड चौथाई होतो. चित्र काळवंडतं, कॅमेरा ते उजळ करायला जातो आणि सगळीकडे दाणे उठतात. शिवाय १/२०० हा दिव्याच्या एका उजळण्यापेक्षा कमी वेळ आहे, त्यामुळे पडद्यावरून आडवे काळसर पट्टे सरकायला लागतात. आम्ही १/१०० वर थांबलो. पाच सेंटिमीटरचा पुसटपणा राहतो. तो मान्य करावा लागला.

यावर दुकानात उपाय सांगितला जातो तो मोठ्या सेन्सरचा. एक इंची म्हणतात त्या सेन्सरचं क्षेत्रफळ साध्या कॅमकॉर्डरमधल्या सेन्सरच्या चौपटीहून अधिक असतं आणि कमी उजेडात तो खरोखर चांगला चालतो. सोनीच्या २०१४ च्या एएक्स-१०० या कॅमेऱ्यात तसा सेन्सर होता. मी तो हाताळला आणि मोह झाला, खोटं का सांगू. पण त्याचा लहान आकडा २९, वजन जास्त, आणि किंमत ऐकल्यावर सरांनी वहीच मिटली. नंतरचा एएक्स-५३ लहान सेन्सरचा, पण त्याचा आकडा २६.८. अखेर आम्ही त्याच मापाचा एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि उरलेल्या पैशांतून मैदानाला दोन दिवे वाढवले. हा निर्णय मला आजही सगळ्यांत योग्य वाटतो. महाग सेन्सरने फक्त चित्र उजळलं असतं. दिव्यांनी मुलींच्या पायाखालची रेषा उजळली, पंचांना दिसायला लागलं, आणि मध्यरेषेजवळच्या ज्या कोपऱ्यात अंधार पडायचा तिथे आता लहान मुलीही सरावाला उतरतात.

फोर-केचंही असंच. त्या वेळच्या घरगुती कॅमकॉर्डरमध्ये फोर-के चालू केलं की सेकंदाला २५ चित्रं मिळायची, आणि साध्या फुल एचडीत ५०. दुकानात मोठ्या पडद्यावर फोर-केमध्ये फुलं दाखवतात, पाकळीवरचा थेंब दाखवतात. फूल जागेवर असतं. कबड्डीत दोन चित्रांच्या मध्ये काय झालं हेच तर बघायचं असतं. बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय जमिनीवरून सुटलेला हवा. बचावात सहा किंवा सात जणी असतील तरच तो गुण मिळतो. पाय हवेत असतो तो क्षण इतका छोटा की २५ चित्रांत तो कधी कधी सापडतच नाही. आधीच्या चित्रात पाय टेकलेला आणि पुढच्या चित्रात दुसरा पाय टेकलेला. ५० मध्ये सापडण्याची शक्यता दुप्पट होते.

पाय हवेत होता का, हा प्रश्न काही आपलाच नाही. चालत्या चित्रांचा सगळा इतिहास याच प्रश्नापाशी सुरू होतो. कॅलिफोर्नियात लेलँड स्टॅनफर्ड या धनाढ्य माणसाला जाणून घ्यायचं होतं की भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का. एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये पालो आल्टोच्या धावपट्टीवर बारा कॅमेरे ओळीने लावले, धागे ताणले, आणि घोडी धावत गेली तशी चित्रं उमटत गेली. पाय सुटत होते. पण चित्रकार शतकानुशतकं काढत आले तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. डोळ्यांनी बघून, मन लावून बघून, पिढ्यान् पिढ्या जे दिसलं नाही ते बारा कॅमेऱ्यांनी दाखवलं. क्रिकेटमध्ये पंचांच्या मदतीला हे यायला १९९२ साल उजाडलं. १४ नोव्हेंबरला डर्बनच्या कसोटीत टीव्हीवरची चित्रं बघून तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. प्रो कबड्डीत रिव्ह्यू आला. चाळीतल्या स्पर्धेत मात्र आजही सरपंचांची नजर आणि त्यांचा आवाज हाच शेवटचा शब्द असतो, आणि तो तसाच राहावा असं माझं मत आहे. आमचं रेकॉर्डिंग निकाल फिरवण्यासाठी बाहेर काढायचं नाही, हेही आम्ही कागदावर लिहून ठेवलंय. एकदा ते सुरू झालं की खेळण्यापेक्षा तक्रारीच वाढतील.

“एवढं कशाला, मोबाइल आहे की,” असं तरुण कार्यकर्ते म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आजच्या फोनची लेन्स रुंद असते, चित्र सुरेख येतं. एकेका पकडीसाठी फोन पुरेसा आहे. पण सबंध सामना घ्यायचा, तेही दिवसाला पाच-सहा, म्हटलं की फोन तापतो, भरतो, आणि उपांत्य सामन्यात त्याच्या मालकाला घरून फोन येतो. फोटोच्या मोठ्या कॅमेऱ्यांची आणखी वेगळी गंमत. त्यांतले बरेचसे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबत. अर्ध्या तासाच्या वर रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त आयात शुल्क लागायचं, म्हणून कंपन्यांनी घातलेली ती मर्यादा. पुरुषांचा सामना २० मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटं असा. म्हणजे युरोपातल्या जकातीच्या नियमापायी परळमधल्या सामन्याचा निर्णायक भाग हातचा जाणार. कॅमकॉर्डर एकदा चालू केला की चालू राहतो. त्याचा जन्मच त्यासाठी झालाय. मोठी बॅटरी लावली तर दुपार निघते. फुल एचडीत ५० चित्रांनी घेतलं तर तासाला १२-१३ गिगाबाइट लागतात, म्हणजे ६४ चं एक कार्ड संध्याकाळभर पुरतं.

बाकी गोष्टी भराभर सांगते. फोकस मध्यरेषेवर धरून बंद करून टाकायचा. आपोआप ठेवला तर लेन्ससमोरून दिव्याचं पाखरू गेलं तरी कॅमेरा त्याच्यामागे लागतो. स्टँड जड हवा. गॅलरीची जमीन लाकडी, पोरं पळाली की सगळी चौकट हादरते, म्हणून स्टँडच्या मध्यावर वाळूची पिशवी लटकवायची आणि सामना संपेपर्यंत पोरांना दुसऱ्या जिन्याने पाठवायचं. बाहेरच्या माइकची खोबण असलेला कॅमेरा घ्यावा. हे मात्र मनापासून सांगते. गॅलरीत कॅमेऱ्यावरच्या माइकला फक्त लाउडस्पीकर ऐकू येतो, निवेदक आणि गाणी. चढाई करणारीचा दम ऐकायचा तर माइक खाली, मध्यरेषेच्या बाजूला, पंचांच्या पायांपाशी हवा. ‘कबड्डी कबड्डी’ हा उच्चार कुठे घाईचा होतो, कुठे बारीक होतो, कुठे पुढची मुलगी घाबरली हे त्या आवाजात कळतं. आमच्या एका मुलीला तर आवाजावरूनच चढाई परतायच्या बेतात आहे हे ओळखायची सवय लागली.

आता खो-खोवाले आम्हांला विचारायला येतात, आणि त्यांना आमचा कॅमेरा जसाच्या तसा घ्या असं सांगता येत नाही. त्यांचं मैदान २७ बाय १६ मीटर. बाजूने सगळं चौकटीत घ्यायचं तर आमच्यासारखी गॅलरी पुरणार नाही. कॅमेरा फिरवावा म्हटलं तर पळणारी मुलगी खांबाला वळसा घालते त्या वेगाने फिरवावा लागेल, आणि या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने टिपत असल्यामुळे जोरात फिरवलं की खांब तिरके होतात, माणसं कलतात. त्यांनी खांबाच्या मागे, उंचावर, पाटीच्या रेषेत उभं राहावं असं माझं मत. तिथून आठही बसलेल्या दिसतात, खो कुठे उशिरा गेला ते दिसतं, आणि खांबावरचा सूर अंगावर येतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम १९१४ मध्ये बांधले गेले असं आपण सांगतो. शंभराहून जास्त वर्षांचा खेळ, आणि त्यातल्या किती थोड्या खेळाडूंचं पळणं आपल्याला आज बघता येतं! जे टिपलं गेलं तेही टिकत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात व्हीएचएस टेपला बुरशी धरते, पांढरी, कडेकडेने, आणि तशी टेप व्हीसीआरमध्ये घातली तर टेपही जाते आणि त्याचं हेडही. ज्या मंडळांच्या कपाटांत असे डबे आहेत त्यांनी ते पुढच्या पावसाच्या आत कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावेत. खर्च एका ढालीहून अधिक येत नाही. आमच्या प्रत्येक सामन्याच्या आता दोन प्रती ठेवतो, दोन वेगळ्या घरांत.

सराव नसतो त्या संध्याकाळी सर मंडळाच्या खोलीत टीव्ही लावतात. परवा उपांत्य सामन्यातली एक पकड चालू होती. गुणपत्रकात ती उजव्या कोपऱ्याच्या नावावर, आणि तिचं कौतुक आधीच भरपूर झालेलं. सरांनी चढाई सुरुवातीपासून लावली आणि सांगितलं, उजवीकडे कुणी बघायचं नाही. मग सगळ्यांना दिसलं. डाव्या कोपऱ्यातली मुलगी, वर्षभर जिच्या नावावर फारसे गुण नाहीत ती, चढाई करणारीने खांदा वळवायच्या आधीच अर्धं पाऊल पुढे आली होती. तिच्या त्या पावलानेच समोरची उजवीकडे ढकलली गेली.

“मी मुद्दाम नव्हतं टाकलं, सर,” ती म्हणाली.

“मुद्दामच होतं,” तिच्या शेजारी साखळीत असणारी म्हणाली. “माझा हात ओढलास तू. मला कळलं होतं.”

दोघींचं जुंपलं. पाऊल आधी की हात आधी? पाऊल रेषेच्या किती आत होतं? बाकीच्यांनी बाजू घेतल्या. सरांनी चित्र थांबवलं, एक चित्र मागे घेतलं, एक पुढे नेलं, मग पुन्हा मागे. सगळ्या पडद्याला नाक लावून उभ्या. शेवटी सर म्हणाले, “इथे नाही ठरायचं. उद्या खडू घेऊन या, मैदानावर आखून बघू.”